बिनदेठाची आगोट

यंदाही वैशाख अर्ध्यावर आला आणि आमच्या आळीत कोणी शिंकले नाही.

बाहेरगावच्या वाचकाला हे वाक्य चमत्कारिक वाटेल, म्हणून प्रथम खुलासा करतो. खुलासेवार लिहिणे हाच माझा धंदा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर चार महिन्यांचे सामान घरात भरून ठेवण्याच्या दिवसांना आमच्याकडे आगोट म्हणतात. तांदूळ, कुळीथ, मीठ, आमसुले, सुके बोंबील, सुकट, आणि या सर्वांचा शिरोमणी म्हणजे मिरची. ती अंगणात चटईवर पसरायची, कडकडीत वाळवायची, मग बायकांनी गोल करून बसायचे आणि बोलत बोलत तिचे देठ खुडायचे, मग लोखंडी कढईत ती भाजायची. आमची आळी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर चढत गेलेली आहे. या पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. त्या दिवसांत खालून वर निघालेला मनुष्य, मग तो पोस्टमन असो की देवदर्शनाला निघालेली वृद्धा असो, मध्ये थांबून शिंकल्याशिवाय वर पोचत नसे. दारादारात देठांचे ढीग साठत. ते माडांच्या मुळाशी टाकले जात आणि पहिल्या सरीनंतरही काही दिवस तिथला ओला पाचोळा तिखट वास देत राही.

आता पाखाडीच्या माथ्यावर, सड्यावर म्हणजे वरच्या सपाट माळावर, जिथे पूर्वी आंबा-काजूची बाग होती, तिथे काचेचे मोठे किराणा दुकान उभे आहे. आत थंडगार हवा असते, म्हणे. गाणी लागतात, म्हणे. ‘म्हणे’ लिहिण्याचे कारण, मी आजतागायत आत पाऊल टाकलेले नाही. याला काही लोक माझा ताठा म्हणतात. ताठा असेल, परंतु ज्या माणसाने एखाद्या इमारतीविरुद्ध हरकतीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला, त्याने त्याच इमारतीत जाऊन हवा खावी हे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढील शिक्षण मी कचेरीबाहेरच्या बदामाखाली, टेबल टाकून, लोकांचे अर्ज लिहिता लिहिता घेतले आणि ते पदवीपेक्षा कमी आहे असे मला कोणी पटवून दिलेले नाही. ‘उपरोक्त’ कुठे शोभतो आणि ‘सदर’ कुठे, हे चांगल्या चांगल्या पदवीधरांना कळत नाही. या धंद्याने मला दोन गोष्टी दिल्या: एक, वळणदार अक्षर, दुसरी, संशय. अर्ज सांगायला आलेला मनुष्य अर्धेच सांगतो. भावाविरुद्ध तक्रार लिहून घेणारा हद्दीचा गडगा कोणी हलवला ते सांगत नाही. म्हणून मी समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि त्याच्या हातांकडे अधिक पाहतो. तो हरकतीचा अर्ज लिहिला त्या वैशाखात मात्र मी हात पाहत बसलो आणि अंगणे पाहायला मला उशीर झाला.

वसंत शेट्ये हा माझ्या शाळेतला सोबती. पाखाडीच्या पायथ्याशी त्याचे किराणा दुकान. वडिलांच्या मागे त्याने ते चालवले. पुढे पडवी, पडवीत बाक, बाकावर संध्याकाळी मी. कचेरी सुटली की मी तिथे टेकायचा आणि वसंता सुपारी कातरता कातरता दिवसाची बातमी विचारायचा. सगळी आळी मला दत्तूनाना म्हणते. तो एकटा ‘दत्त्या’ म्हणतो. त्याच्या दुकानाची एक रीत होती. हनुमान जयंती झाली की बायका एकेक करून येत आणि सांगून जात. ‘वसंतभाऊ, आमची बेडगी मिरची गेल्या वर्षीएवढीच.’ ‘भाऊ, यंदा मुलीकडे द्यायची आहे, जरा जास्त धरा.’ वसंता मान डोलवी. साऱ्या आळीचे सांगणे झाले की स्वतः घाटावरच्या बाजारात जाऊन, मूठ मूठ हुंगून, पोती निवडून आणी. ती पोती पडवीत लागली की आगोट सुरू झाली असे आम्ही समजत असू. सांगून गेल्याशिवाय तो आणत नसे आणि सांगून गेलेली बाई दुसरीकडे जात नसे. यात कागद नव्हता. मी कागदावर पोट भरणारा मनुष्य असूनही कबूल करतो की इतका पक्का व्यवहार मी कागदावर कधी पाहिला नाही.

त्या वर्षी शिमगा आटोपला आणि सड्यावरच्या बागेला पत्रे लागले. बागेचे मालक मुंबईला. त्यांनी ती विकली हे आम्हाला पत्र्यांवरून कळले. पाठोपाठ नगरपरिषदेच्या फलकावर सूचना आली: सदर जागेत मोठ्या किराणा दुकानाच्या बांधकामास मंजुरी देण्याचे योजिले असून कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. सूचना मीच प्रथम वाचली. मीच ती आळीत आणली.

लोक वसंताच्या पडवीत जमले. आमच्या आळीचे पुढारी जाधवभाऊ. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नाही. ते उभे राहून बोलले की खेडची गाडी फलाटाला लागते आहे असेच वाटते.

“ऐका सगळ्यांनी! त्यांचं दुकान झालं तर दोन गोष्टी होतील. एक, मोटारी वर न्यायला पाखाडी फोडतील. दोन, वसंताचं दुकान बसेल. पाखाडी गेली तर परत बांधू. माणूस उठला तर कुठून आणाल?”

हे बोलणे सर्वांना मानवले. मी त्याच रात्री मसुदा केला. त्यात एक वाक्य मी फार जपून बसवले होते: ‘आम्ही सर्व रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या आपली आगोट श्री. शेट्ये यांच्याच दुकानातून भरत आलो असून आमचा व सदर दुकानाचा संबंध केवळ ग्राहक व विक्रेता असा नाही.’ दुसऱ्या दिवशी ते पडवीत मोठ्याने वाचले तेव्हा वसंता आत गेला आणि बराच वेळ डबे पुसत राहिला.

मग सह्यांची वेळ आली. इथे जे घडले ते दुसऱ्या गावात घडले नसते.

“वहिनी, तुमच्यापासून सुरुवात,” जाधवभाऊ म्हणाले. सुलभावहिनींचे घर पाखाडीच्या अगदी वर, पत्र्यांच्या कुंपणाला लागून.

“मी कशाला? तुम्ही मोठे. पहिला मान तुमचा.”

“मानाला पालखी आहे काय ही? तुमचं परसू त्यांच्या बागेला चिकटून. तुमचीच पहिली हवी.”

“अहो, पण ह्यांना विचारल्याशिवाय पहिली सही कशी करू?”

माझी पत्नी मंगल बाकावरून बोलली, “एरवी काय करतेस गो तू ह्यांना विचारून?”

हशा झाला, पण वहिनींनी दुसऱ्या ओळीवर सही केली. पहिली ओळ मोकळी सोडून. जाधवभाऊंनी तिसऱ्या ओळीवर केली. नंतर जो आला त्याने वरच्या मोकळ्या ओळीकडे पाहिले, इकडे तिकडे पाहिले आणि खाली सही केली. उद्या काही अंगाशी आले तर पहिल्या नावावर येणार, हा हिशेब प्रत्येकाच्या डोळ्यांत मला लख्ख दिसत होता. तोंडाने मात्र प्रत्येक जण दुसऱ्याला मान देत होता.

शेवटी सर्व म्हणाले, ती ओळ वसंताची. ज्याच्यासाठी अर्ज, त्याची सही वर.

“माझी नको,” वसंता म्हणाला. “माझ्याच धंद्याचा अर्ज, त्यावर माझंच नाव सगळ्यांत वर? ते म्हणतील, वाण्यानं आळी उठवली. खाली कुठे जागा असेल तर करतो.”

“खाली जागा नाय रे उरली.”

“मग राहू दे.”

आणि त्याची सही राहिली. मी अर्ज दाखल करायला गेलो तेव्हा तिथल्या कारकुनाने चष्मा वर करून विचारले, “ही पहिली ओळ कोणासाठी राखून ठेवलीत?” मी म्हटले, “ती मानाची आहे.” त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू त्या ओळीत मी नंतर काही घुसडणार होतो. त्याला दोष देत नाही. मोकळी जागा पाहिली की जाणत्या माणसाला संशय येतोच.

संशय आळीलाही आला. आठ-पंधरा दिवसांत बोलणे फिरले. वसंताने सही का केली नाही? दुकानवाल्या कंपनीचा एक तरुण माणूस पांढरी गाडी घेऊन येत असे. गोड बोलणारा, घाटावरचा, प्रत्येकाला ‘काका’ म्हणणारा. एका भर दुपारी ती गाडी वसंताच्या पडवीपुढे उभी दिसली.

“लिंबू सोडा प्यायला थांबला होता,” वसंताने सांगितले.

“सोडा प्यायला एवढा वेळ?” जाधवभाऊ नंतर मला पाखाडीवर गाठून म्हणाले. “नाना, गाडी मुक्कामाला लागल्यासारखी लागली होती. वसंताचं मागचं परसू कुठपर्यंत जातं, माहीत आहे ना? वरच्या रस्त्यापर्यंत. पाखाडी न फोडता मोटार न्यायची तर तीच जवळची वाट.”

“म्हणजे तुम्हाला वाटतं...”

“मला काय वाटत नाय. लोक बोलतात.”

लोक म्हणजे कोण, हे आमच्या आळीत कोणी विचारत नाही. पण बोलणे एकट्या वसंतापुरते राहिले नाही. जाधवभाऊंच्या घरावर नवे पन्हळ बसले, तर ते कोणाच्या पैशाने? सुलभावहिनींच्या मुलाला जयगडच्या बंदरातली नोकरी सोडून इथल्या दुकानात लावून घेण्याचा शब्द मिळाला, खरे का? आणि दत्तूनाना दिवसभर कचेरीबाहेर बसतात, तर त्यांनी कंपनीचाही एखादा कागद लिहून दिला नसेल कशावरून? हे शेवटचे माझ्या कानावर आले तेव्हा मी जेवणावरून उठलो. माझ्या अक्षराचा एकही कागद त्या कंपनीने पाहिलेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकत होतो. पण शपथ मागायला समोर येणार कोण? समोर सगळे ‘काय नाना, बरे ना?’ असेच विचारत होते.

त्या दिवसांतली संध्याकाळ आठवते. मांडवीच्या समुद्राच्या अंगाने वारा यायचा तो पाखाडी चढेपर्यंत तापलेला असायचा. कुठेतरी शेवटच्या आंब्यांच्या पेट्यांतले गवत जाळत असायचे. पडवीतल्या बाकावर पूर्वी टेकायला जागा नसे. आता मी एकटा. लोक समोरून जाताना हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेत, वसंताच्या बाजूने दूर. मला वाटे, उष्मा; घामेजलेला हात माणूस बदलतो.

मग एका सकाळी मी वर जाधवभाऊंकडे सुनावणीची बातमी द्यायला निघालो आणि अर्ध्या पाखाडीवर थबकलो. काहीतरी चुकल्यासारखे वाटले. दोन पायऱ्या मागे आलो. अंगणात चटई होती, चटईवर मिरची होती. लालभडक, एकसारख्या लांबीची, चकचकीत. आणि बिनदेठाची. दुसऱ्या अंगणात तशीच. तिसऱ्या अंगणातही. गोल करून बसलेल्या बायका कुठे नव्हत्या, दारात देठांचा ढीग कुठे नव्हता, आणि मी शिंकलो नव्हतो. वसंताच्या पोत्यातली मिरची देठासकट येते. देठ असला की मिरचीचा वास टिकतो असे तो म्हणे. बिनदेठाची मिरची पाकिटातून येते आणि पाकीट एसटी स्टँडकडच्या मोठ्या दुकानातून.

सुलभावहिनी तारेवर पिशव्या वाळत घालत होत्या. पिशव्या धुतलेल्या आणि उलट्या केलेल्या. उन्हाच्या उजेडात आतली अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसत होती.

“काय बघताय, नाना?”

“मिरची झकास आहे.”

“हो ना. माहेरून आली.”

पुढच्या घरी विचारले. तीही माहेरून आली होती. त्याच्या पुढच्या घरी बहिणीने खेडहून पाठवली होती. त्या वैशाखात आमच्या आळीतल्या सर्व सुनांची माहेरे एकाएकी उदार झाली होती. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली. आगोटीत नवा मसाला झाला की वाटीभर शेजारी देण्याची रीत आहे. वानवळा म्हणतात त्याला. त्या वर्षी आमच्या घरी एकही वाटी आली नव्हती. वाटी दिली की शेजारीण बोट लावून चाखणार, आणि चाखली की तिला कळणार. प्रत्येक घर आपली मिरची झाकून बसले होते, आणि ती ज्याच्यापासून झाकायची तो तर पायथ्याशी एकटाच बसला होता.

घरी येऊन मी मंगलला विचारले, “आपली मिरची कुठून आली?”

ती तांदूळ निवडत होती. “आली नाय अजून.”

“वसंताला सांगून आलीस ना?”

“नाय.”

“का?”

“कोणीच गेलं नाय सांगायला, मी एकटी कशी जाऊ? सगळ्या म्हणायला लागल्या, त्यानं जागा देऊन टाकली, त्याचं दुकान राहतंय कशाला. मग म्हटलं पोती लागली की घेऊ. पोतीच लागली नाय.” मग सूप थांबवून म्हणाली, “तुम्ही रोज संध्याकाळी तिथं बसता. तुम्हाला पडवी मोकळी दिसली नाय?”

मला दिसली नव्हती. मी माणसांचे हात पाहत होतो.

त्या संध्याकाळी मी वसंताला सरळ विचारले. आडवळणाने विचारणे मला चांगले येते, पण त्या दिवशी जमले नाही.

“मिरची का नाही आणलीस?”

तो सुपारी कातरत होता. “कोणासाठी आणू?”

“आळीसाठी.”

“हनुमान जयंतीपासून बसून आहे, दत्त्या. एक बाई सांगायला आली नाय. म्हटलं, यांनी मनात काय ते ठरवलंय. अर्जात माझं नाव, पण दुकानात पाऊल नाय. मग मी समजलो, सगळ्यांनी वरच्यांना होकार दिलाय आणि अर्ज नुसता दाखवायला आहे.”

“आणि आळी समजते, तू जागा दिलीस.”

त्याचा अडकित्ता थांबला. “मी?”

“पांढरी गाडी. सोडा.”

तो हसला, पण ते हसणे पडवीच्या बाहेर गेले नाही. “तो पोरगा रोज पाच मिनिटं मागायचा. जागा द्या म्हणून. रोज त्याला सोडा पाजून वाटेला लावला. उन्हातून आलेल्या माणसाला नाय कसं म्हणू?” मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाला, “विचारायचं होतं की रे कोणीतरी.”

“तूही विचारायचं होतंस.”

“मी दुकानदार. गिऱ्हाइकाला, का येत नाय, असं विचारतात काय?”

मी त्याच पावली जाधवभाऊंकडे गेलो आणि जे ऐकले ते सांगितले. ते खुर्चीत मागे टेकले.

“आता हे आळीला कसं सांगायचं? सांगितलं तर प्रत्येकाला कबूल करावं लागेल की मिरची घेऊन झाली.” मग आवाज खाली आणून, जो त्यांचा मी कधी ऐकला नव्हता, म्हणाले, “आमच्याकडचीही झाली, नाना.”

सुनावणीच्या दिवशी सारी आळी गेली. नगरपरिषदेच्या सभागृहात पंखे गरगरत होते आणि तरी घाम पुसत सगळे बसले होते. सुनावणी घेणारा साहेब भला मनुष्य दिसला. अर्ज त्याने पूर्ण वाचला, जे फार थोडे साहेब करतात. आगोटीच्या वाक्यावर थांबून तो म्हणाला, “हे चांगलं लिहिलंय.” मी मान किंचित लववली.

मग कंपनीचा तो तरुण उठला. गोडपणे म्हणाला, “सर, लिहिलंय चांगलं, पण खरं आहे का? या काका-काकू सगळे मोठ्या दुकानातच खरेदी करतात. आमच्या नाही, दुसऱ्यांच्या. या काकूंच्या हातातली पिशवीच बघा ना.”

सुलभावहिनींनी पाण्याची बाटली आणि डबा पिशवीतून आणला होता. पिशवी उलटी केलेली होती, पण खिडकीतल्या उजेडात दुकानाचे नाव पाठीमागून स्पष्ट दिसत होते. त्यांनी ती मांडीवरून खुर्चीखाली सरकवली. कोणीतरी मागे फिसकन हसले आणि लगेच खोकले. मी आळीकडे पाहिले. आळी जमिनीकडे पाहत होती.

साहेबांनी विचारले, “शेट्ये कोण?”

वसंता उठला. धुतलेला सदरा, पण बाह्यांवर डब्यांचा तेलकटपणा कायमचा बसलेला.

“हे लोक तुमच्याकडून सामान घेतात का?”

तो ‘नाही’ म्हणाला असता तर खोटे ठरले नसते. मी मनात मसुदा बदलायला घेतला, सवयच ती. ‘सदर वाक्य मागील वर्षापर्यंत खरे होते’ असे काहीतरी.

“घेतात,” वसंता म्हणाला.

“यंदाही?”

वसंताने एकदा मागे वळून पाहिले. वहिनींकडे, जाधवभाऊंकडे, मंगलकडे. घाईने नाही, गिऱ्हाईक काय मागते आहे ते नीट ऐकून घ्यावे तसे.

“पिशवी कोणाची पण असू दे, साहेब. गिऱ्हाईक माझंच आहे.”

साहेबांनी मान हलवली आणि काही लिहिले. कंपनीचा तरुण बसला. आणि आमची आळी बाहेर येऊन रिक्षात आधी बसण्याचा मान एकमेकांना देत राहिली.

निकाल यथावकाश आला. बांधकामास मंजुरी, अट एवढीच की पाखाडीला हात लावायचा नाही. मोटारींसाठी कंपनीने पलीकडच्या सड्यावरून रस्ता केला. अर्जाचा अर्धा भाग आम्ही जिंकलो, असे मी लोकांना सांगतो, आणि ते खरेही आहे. पाखाडीचा एकही चिरा हलला नाही.

पुढच्या वर्षी हनुमान जयंतीनंतर बायका वसंताकडे सांगायला गेल्या. मंगल सर्वांच्या पुढे होती, हे मी मुद्दाम नोंदवतो. वसंताने मिरची आणलीही. सुलभावहिनी वाजवीपेक्षा जास्त घेऊन गेल्या आणि जाधवभाऊंनी आपल्या नेहमीच्या आवाजात, साऱ्या पाखाडीला ऐकू जाईल असे, मिरचीचे कौतुक केले. पण आमच्या बोलण्यात काहीतरी जास्तीचे येऊन बसले होते. गिऱ्हाईक फार गोड बोलत होते आणि दुकानदार फार लवकर माप टाकत होता. घासाघीस बंद झाली होती. वसंताच्या पडवीत घासाघीस नसणे म्हणजे घरात कोणी आजारी असण्यासारखे होते. बायका आल्या, उपकार केल्यासारख्या आल्या, आणि तो ओळखून होता. त्यानंतर वरचे दुकान उघडले. मग आधी साखर तिकडून यायला लागली, मग तेल, मग डाळ, आणि यंदा पुन्हा मिरची. कोणी वाईट नव्हते. थंड हवेत सामान निवडायला बरे वाटते, एवढेच त्यांचे कारण; आणि त्या हवेत त्यांच्याकडे डोळे वर करून पाहणारे कोणी नसते, हे त्यांनी न सांगितलेले.

परवा मी बदामाखाली बसलो होतो. कोण्या वृद्धाचा वारसनोंदीचा अर्ज लिहीत होतो. मान वर केली तर रांगेच्या शेवटी वसंता उभा. हातात छत्री, पायात धुतलेल्या चपला.

“अरे, रांगेत काय? ये पुढे.”

“नको. गिऱ्हाईक म्हणून आलोय. होऊ दे त्यांचं.”

त्याचा नंबर आला तेव्हा तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, “परवाना रद्द करायचा अर्ज लिही. दुकानाचा.”

मी पेन खाली ठेवले. “विचार केलास?”

“केला. लिही.”

नाव, पत्ता, परवान्याचा तपशील, सगळे त्याला न विचारताच मला लिहिता आले. मग कारणाची जागा आली. माझ्या मनात वाक्य तयार होते. असे धारदार वाक्य की ते वाचून नगरपरिषदेच्या कारकुनालाही लाज वाटावी: ‘ज्या रहिवाशांनी सदर दुकानाच्या रक्षणार्थ हरकत घेतली त्यांनीच...’ मी लिहायला हात टेकला.

वसंताने कागदावर तळवा ठेवला. “काय लिहितोस ते माहीत आहे मला. तसं नको. गिऱ्हाईक नाय असं लिहू नको. वय झालं म्हणून बंद करतो, असं लिही.”

“माझ्याच वयाचा आहेस तू.”

“मग तुझंपण झालं.”

“वसंता, खोटं कारण...”

“कागद तिथं राहणार. मागाहून कोण वाचील काय माहीत. आळीची पोरं वाचतील. वय लिही.”

मी लिहिले: ‘वयोमानामुळे व्यवसाय चालविणे शक्य होत नसल्याने.’ अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले. मग कागद सुकेपर्यंत आम्ही दोघे बसलो. ऊन पानांतून टेबलावर हलत होते. नंतर मी टेबल शेजारच्या स्टँप विकणाऱ्याच्या भरवशावर सोडले आणि त्याच्याबरोबर नगरपरिषदेत गेलो.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज वाचला, वसंताकडे पाहिले, जन्मतारीख पाहिली, पुन्हा वसंताकडे पाहिले.

“वयोमान? एवढ्यात? दुसरं काही कारण नाही ना? वरच्या दुकानाचा त्रास, आळीत भांडण, असं काही असेल तर आत्ताच लिहा. नंतर तक्रार चालणार नाही.”

“आळीची काय तक्रार नाय,” वसंता म्हणाला.

“साक्षीदार?”

“मी,” मी म्हणालो.

“तुम्ही ओळखता यांना? दिलेलं कारण खरं आहे?”

त्याच्या जागी मी असतो तर मीही असेच विचारले असते. किंबहुना अधिक खोदून विचारले असते. वसंता छत्रीची मूठ धरून खिडकीच्या गजांकडे पाहत उभा होता.

“खरे आहे,” मी म्हणालो, आणि त्याच्या सहीखाली माझी सही केली.